नोंदवहीतली सही

(दृश्य: समुद्रकाठचं पांढरं हॉटेल, लाल निमुळती छपरं, कलतं ऊन.)

सॅन दिएगोच्या खाडीपलीकडे, पॅसिफिकच्या वाळूला लागून हे हॉटेल उभं आहे. हॉटेल डेल कोरोनाडो. १८८८ साली सुरू झालं, सगळं बांधकाम लाकडाचं. अमेरिकन लेखक रिचर्ड मॅथेसन इथे येऊन राहिले. टेपरेकॉर्डर जवळ ठेवून, आपल्या नायकाच्या तोंडून बोलत, ते या इमारतीत हिंडले. त्यातून १९७५ साली 'बिड टाइम रिटर्न' ही कादंबरी आली. पुढच्याच वर्षी तिला वर्ल्ड फॅन्टसी अवॉर्ड मिळालं.

ठिणगी मात्र दुसरीकडेच पडली होती. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या पायपर्स ऑपेरा हाऊसमध्ये त्यांना मॉड अ‍ॅडम्स या गाजलेल्या अभिनेत्रीचा जुना फोटो दिसला आणि तो मनातून जाईना. या बाईवर कुणाचा जीव जडला, आणि तिला गाठायला तो थेट तिच्या काळात गेला तर?

कादंबरीतला रिचर्ड कोलियर ३६ वर्षांचा. टीव्हीसाठी लिहितो. मेंदूत गाठ निघते, हातात थोडेच महिने उरतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये तो घर सोडतो, कुठल्या दिशेला जायचं ते नाणं उडवून ठरवतो आणि इथे येऊन पोचतो. इथेच त्याला एलिस मॅकेना दिसते, फोटोत. १८९६ साली तिने याच हॉटेलात नाटक केलेलं असतं.

(दृश्य: जुन्या नोंदवहीची पिवळी पानं, त्यावर सरकणारं बोट.)

कोलियर हॉटेलच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळतो. १८९६ चा नोव्हेंबर. एकेक नाव मागे पडत जातं आणि एका ओळीवर नजर खिळते. नाव त्याचं. अक्षरही त्याचंच. सही त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची! इथून पुढे 'जमेल का' हा प्रश्नच उरत नाही. आपण गेलो होतो हे त्याला कळलेलं असतं, कसे गेलो तेवढं शोधायचं असतं.

मॅथेसननी यंत्र वगैरे काहीच आणलं नाही, आणि मला हेच फार आवडतं. कोलियर इंग्रज लेखक जे. बी. प्रीस्टली यांचं काळावरचं पुस्तक वाचतो, जुन्या धाटणीचा सूट आणि त्या काळचे पैसे जमवतो, खोलीत आडवा होतो आणि मनाला बजावत राहतो: आज १९ नोव्हेंबर १८९६ आहे. पुन्हा पुन्हा तेच. ही युक्ती आपल्याला पटते ती या इमारतीमुळे. भिंती दोन्ही काळांत त्याच, लाटांचा आवाजही तोच. रानात चकवा लागलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तसा हा त्याच हॉटेलात येतो, फक्त ७५ वर्षं मागे.

किनाऱ्यावर तो एलिससमोर उभा राहतो. ती घाबरत नाही. "तुम्हीच का ते?" असं विचारते. कुणीतरी येणार, असं भाकीत तिने आधीच ऐकलेलं असतं.

(दृश्य: किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, रात्र.)

या हॉटेलच्या खऱ्या इतिहासातही अशीच एक सही आहे. २४ नोव्हेंबर १८९२ रोजी एका तरुण बाईने इथे 'लॉटी ए. बर्नार्ड' असं नाव लिहिलं. नाव खोटं होतं. काही दिवसांनी ती बाहेरच्या पायऱ्यांवर गोळी लागून मेलेली सापडली. पुढे ती केट मॉर्गन म्हणून ओळखली गेली. तिचा वावर अजून आहे असं मानणारे पाहुणे मुद्दाम तिची खोली मागून घेतात.

१९८० साली या कादंबरीवर 'समव्हेअर इन टाइम' हा चित्रपट निघाला. पटकथा मॅथेसन यांचीच, पण चित्रीकरण मिशिगनमधल्या मॅकिनॅक बेटावर झालं. त्या बेटावर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे जुना काळ तिथे आयताच मिळाला. चित्रपटाचे चाहते दर ऑक्टोबरला तिथल्या ग्रँड हॉटेलात जमतात.

(दृश्य: तळहातावर एक तांब्याचं नाणं.)

शेवट सांगावाच लागेल, कारण सगळी कादंबरी त्यावर तोललेली आहे. एलिस त्याची झालेली असते. आणि कोटाच्या अस्तरात कोलियरच्या बोटांना काहीतरी लागतं. एक सेंट. साल १९७१. तेवढ्याने सगळं तुटतं, तो पुन्हा १९७१ मध्ये.

त्याचं हस्तलिखित छापणारा भाऊ शंका मांडतो की हा सगळा गाठीमुळे झालेला भास असावा. त्याचं चूक म्हणता येत नाही. तरी प्रत्येक वाचनात मी कोलियरच्या बाजूने असतो. भास असता, तर ते नाणं त्याने कोटात राहू दिलं नसतं.