रात्रीचं व्होल्टेज आणि ट्यूब अॅम्प

मंडळी, ट्रान्सफॉर्मरवर 230 छापलेलं असतं, पण कोकणात लाइनच्या टोकाला घर असलं की संध्याकाळी वाडीतले पंप चालू असताना मीटर 190 दाखवू शकतो आणि रात्री सगळं निजल्यावर 250. गिटार बहुधा रात्रीच वाजते. म्हणून गिटारच्या ट्यूब अॅम्पचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरचा) हिशेब 250 धरून करा.

समजा ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (वीज बाहेर देणारी गुंडाळी) 325-0-325 आहे आणि पुढे एसीचं डीसी करणारे सिलिकॉन डायोड आहेत. लोड नसताना डीसी मिळेल 325 गुणिले 1.414, म्हणजे 460. सॉकेटला 250 आले की तेच 500. डायोड लगेच काम सुरू करतात, ट्यूब तापायला मात्र पंधरा-वीस सेकंद लागतात. तोवर करंट ओढायला कोणी नसतं, सगळा दाब पहिल्या कंडेन्सरवर. तिथे 450 व्होल्टचा असेल तर तो रोज मर्यादेबाहेर जातो, मग फुगतो, गळतो. त्याऐवजी 100 मायक्रोफॅरड, 350 व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावा आणि प्रत्येकावर 220 के (किलोओहम), 1 वॉटचा रेझिस्टर द्या. दाब सारखा वाटला जातो, शिवाय अॅम्प बंद केल्यावर साधारण दोन मिनिटांत कंडेन्सर रिकामे होतात. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हा साठा जीव घेऊ शकतो.

आता फिलामेंट, म्हणजे ट्यूब तापवणारी तार. 6.3 व्होल्टला दहा टक्के सूट धरली तर 5.7 ते 6.9. प्रायमरी (सॉकेटची वीज घेणारी गुंडाळी) 220 ची आणि सॉकेटला 250 असतील तर फिलामेंटवर 7.16 येतात. प्रायमरी 240 ची असेल तर 6.56. जुन्या ब्रिटिश अॅम्पला दोन्ही टॅप (प्रायमरीची वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं) असतील तर इथे 240 चाच घ्या. मोजताना सगळ्या ट्यूब बसवलेल्या हव्यात, ट्यूबच्या रिकाम्या सॉकेटवर आकडा जास्त दिसतो.

टॅपच नसेल तर 230/12 व्होल्ट, 3 अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याची सेकंडरी फेजच्या तारेत सिरीजमध्ये, उलटी जोडा. 250 चे 237 होतात. तारा चुकून सुलट्या लागल्या तर 263 होतील, म्हणून अॅम्प लावण्याआधी आउटपुट मोजाच. अमेरिकेहून आलेल्या 120 व्होल्टच्या अॅम्पला स्टेपडाउन हवाच, पण पाटीवर नुसतं 60 हर्ट्झ असेल तर आपल्या 50 वर त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा कोअर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो, गुणगुणतो, तापतो.

बटणांकडे येतो. मेनची जोडणी अशी: फेज आधी फ्यूजला, मग बटणाला. बटण डबल पोल, कारण घरातल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नवीन नाही. अर्थिंगची तार चेसिसला (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) स्वतंत्र बोल्टने, मध्ये कुठलंही बटण नाही.

खरी डोकेदुखी स्टँडबायची, म्हणजे ट्यूब तापत्या ठेवून फक्त वरचा डीसी तोडणाऱ्या बटणाची. बटणावर 250 व्होल्ट एसी, 3 अँपिअर लिहिलेलं असतं आणि आपण त्यातून 450 व्होल्ट डीसी तोडतो. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते, संपर्काला खड्डे पडतात. त्यात समुद्राची खारी हवा. बटण उघडून पाहा, पितळेवर हिरवट थर आणि मधोमध काळा डाग दिसेल. स्पीकरमधली करकर तिथून येते. जीझेड 34 सारखा ट्यूब रेक्टिफायर (डायोडऐवजी एसीचं डीसी करणारी ट्यूब) असेल आणि स्टँडबाय त्याच्या पुढे असेल, तर बटण टाकताच रिकामा कंडेन्सर तापलेल्या रेक्टिफायरमधून एकदम भरतो आणि आत भडका उडू शकतो.

माझं स्पष्ट मत: पंधरा-वीस वॉटच्या अॅम्पला स्टँडबाय नकोच. ठेवायचंच असेल तर बटणाच्या दोन टोकांमध्ये 100 के, 5 वॉटचा रेझिस्टर टाका, म्हणजे कंडेन्सर हळूहळू भरतो. मात्र मग स्टँडबायमध्येही पुढे व्होल्टेज असतं, हे झाकणाच्या आत लिहून चिकटवा.

पावसाळाभर बंद राहिलेला अॅम्प थेट सॉकेटला लावू नका. ट्रान्सफॉर्मर सुकवून घ्या आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रायमरी ते चेसिस मोजा. एक मेगओमच्या खाली असेल तर वीज द्यायची नाही. मग 60 वॉटच्या पिवळ्या, तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड, म्हणजे अॅम्पला वीज त्या बल्बमधूनच जाते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, आधी रेक्टिफायर आणि आउटपुट ट्यूब काढून पुन्हा पाहा. तरीही पेटला तर डायोड, पहिला कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मर तपासा.