ऑगस्टा काउंटीचा फलक: 1738 की 1745?

(दृश्य: व्हर्जिनिया, शेनान्डोआ खोरं. रस्त्याच्या कडेला रुपेरी फलक.)

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रस्त्याकडेला इतिहास सांगणारे असे फलक 1927 पासून लागू लागले, पहिले यूएस रूट 1 च्या कडेने. रुपेरी पाटी, उठावाची काळी अक्षरं, माथ्यावर राज्याची मुद्रा. क्रमांकाची सुरुवात 'झेड' अक्षराने असेल, तर तो हद्दीचा फलक. एका बाजूला या काउंटीची (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) माहिती, पाठीमागे शेजारच्या काउंटीची. त्यामुळे उतरून दोन्ही बाजू वाचाव्यात.

(जवळून: 1738 हा आकडा.)

ऑगस्टाच्या बाजूला मजकूर थोडका आहे. 1738 मध्ये ऑरेंज काउंटीतून स्थापना, आणि नाव राजकन्या ऑगस्टा हिचं. ती प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिकची पत्नी, तिसऱ्या जॉर्जची आई. त्याच कायद्याने शेजारची फ्रेडरिक काउंटीही निघाली. म्हणजे नवरा-बायकोची नावं एकाच कायद्यात शेजारी शेजारी आली.

साल बरोबर आहे, पण ते कायद्याचं साल आहे. ब्लू रिज डोंगररांगेच्या पश्चिमेला तेव्हा वस्ती विरळ होती. काउंटीचा कारभार चालवायला माणसंच नव्हती. म्हणून कायद्याने वसाहतवाल्यांना 10 वर्षं करमाफी दिली, आणि पुरेशी वस्ती होईपर्यंत कारभार ऑरेंजकडेच ठेवला. ऑगस्टाचं स्वतःचं न्यायालय स्टॉन्टन इथे भरलं ते 1745 मध्ये.

घराण्याचा शोध घेणारे नेमके इथे चुकतात. फलकावरचं 1738 वाचून ते थेट स्टॉन्टनचं दप्तर उघडतात, आणि 1741 चं खरेदीखत तिथे सापडत नाही. ते ऑरेंजच्या दप्तरात शोधायला हवं. तारखांचंही भान ठेवा. 1752 पर्यंत इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे कागदावर फेब्रुवारी 1745 असेल, तर आजच्या हिशेबाने ते बहुधा 1746 असतं.

(दृश्य: जुना नकाशा. पश्चिमेची सीमा मोकळी.)

'ऑरेंजमधून' या शब्दांत मात्र फार मोठी गोष्ट दडून राहते. ही जमीन ऑरेंजने दिली, पण तिच्यावर इरोक्वा या मूळनिवासी राष्ट्रांचाही दावा होता. 1742 च्या डिसेंबरात जेम्स नदीजवळ इरोक्वा योद्धे आणि वसाहतीचे शिबंदीवाले यांच्यात चकमक झाली, तीत कॅप्टन जॉन मॅकडॉवेल मारला गेला. इरोक्वांनी खोऱ्यावरचा दावा सोडला तो 1744 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या तहात. म्हणजे काउंटी कागदावर आली त्यानंतर सहा वर्षांनी. एका फलकात साधारण 100 शब्द बसतात हे खरं, पण आमच्या मते 1744 आणि 1745 ही दोन सालं त्यात यायलाच हवीत. ती नसतील, तर रिकाम्या रानावर फक्त रेघ ओढली गेली, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

(दृश्य: नकाशावर एकेक काउंटी वेगळी होताना.)

मूळ ऑगस्टाची पश्चिमेची हद्द 'व्हर्जिनिया संपेल तिथवर' होती. पुढे तिचे तुकडे पडत गेले. त्यातून निघालेल्या बोटेटॉर्ट काउंटीचा कायदा 1769 चा, अंमल 1770 पासून. मग 1772 मध्ये बोटेटॉर्टमधून फिनकॅसल निघाली. ती 1776 मध्ये मोडून माँटगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन काउंट्या झाल्या. म्हणून केंटकीतल्या घराण्याचा माग काढताना कागद उलट्या क्रमाने पाहावेत: आधी केंटकी, मग फिनकॅसल, मग बोटेटॉर्ट, मग ऑगस्टा, आणि 1745 पूर्वीचं काही हवं असेल तर ऑरेंज.