ठिगळ परत परत का उसवतं? आधी कापड उजेडात धरा

(हातात मरून रंगाचा सुती कुर्ता, कोपर कॅमेऱ्याजवळ)

हा माझ्या मुलाचा गरब्याचा कुर्ता. कोपराला भोक केवढं, तर रुपयाच्या नाण्याएवढं. आता तो मी खिडकीत धरते. बघा, भोकाच्या चहूबाजूंनी दोन-दोन बोटं उजेड आरपार येतोय. इथलं कापड अजून फाटलेलं नाही, पण विरलंय.

आपण मोजतो फक्त भोक. तेवढंच कापड कापतो आणि त्याची कड नेमकी या विरलेल्या जागेवर शिवतो. मग दोन-चार धुण्यांत ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेकडेने नवी चीर पडते. माझ्या सासऱ्यांच्या आवडत्या सदऱ्याचं माझ्या हातून असंच झालं. कोपरावरचं ठिगळ तसंच राहिलं आणि बाही फाटून गेली. फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून आधी उजेड, मग कात्री.

उजेड जिथे यायचा थांबतो, तिथे शिंप्याच्या खडूने रेघ मारा. ठिगळ त्या रेघेच्याही बाहेर एक-दीड सेंटीमीटर जायला हवं, शिवाय दुमडायला अर्धा सेंटीमीटर. म्हणजे नाण्याएवढ्या भोकाला तळहाताहूनही थोडं मोठं कापड. जास्त वाटतं? लावाच.

कापड कुठलं घ्यायचं? मूळ कपड्याएवढ्याच जाडीचं किंवा थोडं पातळ. जीन्सचा तुकडा मलमलीवर लावलात तर तो मलमलीलाच ओढून फाडेल. नवं सुती कापड आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर तेच आटतं आणि सगळं गोळा होतं. गडद रंग असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाजूला. आणि ठिगळाचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. कापड क्रॉसमध्ये, म्हणजे तिरक्या दिशेने, ताणलं जातं. ठिगळ तिरकं बसलं तर कोपर वाकवताना दोन्ही कापडं वेगवेगळी ओढतात.

आता शिवण. इथे मला आपल्या बडोद्याचं फार अप्रूप वाटतं. आपण ठिगळ म्हणतो, शेजारच्या गुजराती घरात थीगडुं म्हणतात. शब्द एकच, फक्त जीभ बदलते. त्यांच्याकडे, विशेषतः सौराष्ट्रात, कताब नावाचं काम आहे. रंगीत कापडाची घडी घालून नक्षी कापायची, उघडून पांढऱ्या कापडावर मांडायची, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवायच्या. चंदरवे म्हणजे वर बांधायची छतं, तोरणं, बैलांच्या झुली या कामाने सजतात. नक्षी म्हणजे कापडावर लावलेलं कापडच, मग आपलं ठिगळ तरी चौकोनी का ठेवायचं? मी त्याचं आठ पाकळ्यांचं फूल कापते. टोकं मात्र गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. पाकळ्यांच्या मधल्या खाचेत दुमडण्याआधी एक बारीक कट मारा, म्हणजे कड न चुरगळता वळते.

(क्लोज-अप: सुई)

कड बसली, पण काम निम्मंच झालं. सगळा भार कडेवरच राहिला. इथे आपली गोधडी कामाला येते. गोधडीत एकच शिवण भार घेत नाही, धावदोऱ्याच्या ओळी सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात. तसंच ठिगळाच्या पोटातून अर्ध्या सेंटीमीटरच्या अंतराने धावदोरे घाला, विरलेलं कापड ठिगळाला टाचत जा. दोरा सुती घ्या. जाड पॉलिस्टरचा दोरा मऊ कापड कापतो. फार ओढू नका, नाहीतर सुरकुती धरते. दोरा वीत-दोन वितींपेक्षा लांब घेतला की गुंता होतोच. बाही बंद असते, म्हणून आत एक जुनं मासिक सरकवा, म्हणजे खालचा थर शिवला जाणार नाही. जीन्सच्या पायातही हीच युक्ती.

टी-शर्टचं गणित वेगळं: ताणणाऱ्या कपड्याला ताणणारंच ठिगळ, जुन्या टी-शर्टचं, आणि झिगझॅग टाका.

आणि उजेडात धरल्यावर सगळीकडूनच प्रकाश आला तर? आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार. तो कपडा शिवू नका, उकला. खांदे, कोपर, काखा विरतात; खालचा घेर बहुतेक वेळा घट्टच असतो.

(कुर्त्यावरचं फिकं निळं फूल दाखवत)

हे निळं कापड मी बाजारातून आणलेलं नाही. सासऱ्यांच्या त्या सदऱ्याचा हा खालचा घेर आहे. नातू आता नवरात्रात नऊ रात्री तो कोपरावर घेऊन नाचेल.