जिथे पाणी संथ, तिथेच कचरा अडवावा

जलविद्युत केंद्रात काम केलेल्या प्रत्येकाला कचराजाळी परिचयाची असते. टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाच्या, म्हणजे पेनस्टॉकच्या तोंडाशी उभ्या लोखंडी पट्ट्यांची ही जाळी बसवलेली असते आणि ओंडके, फांद्या, प्लॅस्टिक यांना ती आत जाऊ देत नाही, म्हणून तरंगत्या कचऱ्याचा प्रश्न तिने सोडवला असे आपण धरून चालतो. मला आज याच समजुतीविषयी बोलायचे आहे. जाळी ही संरक्षणाची शेवटची फळी आहे. पहिल्या फळीचे काम तिच्यावर टाकले, तर त्याची किंमत वीजनिर्मितीतून मोजावी लागते.

ही किंमत कशी वाढते ते पाहू. जाळीतून जाताना पाणी काही जलशीर्ष, म्हणजे मीटरच्या उंचीत मोजली जाणारी आपली ऊर्जा गमावते, आणि ही घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर त्या वेगात सामावलेले शीर्ष सुमारे 5 सेंटिमीटर असते आणि स्वच्छ जाळीत त्याचा काही अंशच खर्च होतो. मात्र जाळीचा निम्मा भाग पालापाचोळ्याने बुजला आणि विसर्ग तेवढाच राहिला, तर उरलेल्या फटींतला वेग दुप्पट आणि घट साधारण चौपट होते. पाऊण भाग बुजला, तर घट सोळापटीच्या घरात जाते. आता 100 घनमीटर प्रति सेकंद विसर्गाच्या केंद्रात जाळीपाशी अर्धा मीटर शीर्ष वाया जात आहे असे समजा. यंत्रांची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तरी सुमारे 440 किलोवॅट शक्ती, म्हणजे दिवसाला साडेदहा हजारांवर युनिट वीज नुसत्या कचऱ्यापायी जाते. उंच धरणाच्या केंद्रात हा अर्धा मीटर नजरेत भरत नाही, पण जिथे एकूण जलशीर्षच आठ-दहा मीटर आहे, अशा नदीप्रवाही, म्हणजे मोठा साठा न करता वाहत्या नदीवर चालणाऱ्या केंद्रात तो उत्पन्नाचा विसावा हिस्सा असतो.

याशिवाय, फटी बुजून वेग वाढला की पट्ट्यांमागे सुटणारे भोवरे त्यांना थरथरवू लागतात, आणि ही कंपने पट्टीच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली तर सांधे थकून तुटतात. पूर्ण बुजलेल्या जाळीवर पुढच्या आणि मागच्या पातळीतल्या फरकाचा सगळा दाब येतो, म्हणून हा फरक सतत मोजणे आणि ठराविक मर्यादेला यंत्र थांबवणे अत्यावश्यक आहे. यांत्रिक दाताळे जाळी साफ करते हे खरे. तथापि पुराच्या दिवशी कचरा ज्या गतीने येतो, त्या गतीने ते तो उपसू शकेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

म्हणूनच जाळीच्या आधीच, पाण्यावर तरंगत राहून कचरा रोखणारा तरंगता अडसर हवा. लाकडी ओंडके साखळीने जोडून असे अडसर पूर्वीपासून बांधले जात. आता फेस भरलेले पॉलिएथिलीनचे तरंगते नळकांडे, त्यांतून जाणारी पोलादी दोरी आणि खाली लोंबणारी जाळीची झालर वापरतात. सामग्रीपेक्षा जागा महत्त्वाची आहे. जाळीला जो वर्गाचा नियम लागू होतो, तोच अडसरालाही होतो: जलाशयाचा छेद जिथे दुप्पट आहे, तिथे वेग निम्मा आणि अडसरावरचा प्रवाहाचा रेटा एक चतुर्थांश. अडसर जाळीच्या अगदी पुढ्यात, वेगवान पाण्यात बांधला, तर साचलेला कचरा प्रवाह खाली ओढून घेतो आणि तो अडसराखालून निसटून पुन्हा जाळीलाच जाऊन भिडतो. फार दूर नेला, तर लांबी वाढते आणि प्रवाहाऐवजी वारा कचऱ्याला कुठेही ढकलू लागतो. मधली जागा शोधणे हे या कामातले खरे कौशल्य आहे.

अडसर प्रवाहाला काटकोनात नको. काटकोनात कचरा साचतो. तिरका बांधला तर तो अडसराच्या कडेने काठाकडे सरकतो. प्रवाह आणि अडसर यांत 30 अंशांचा कोन असेल, तर वेगाचा सुमारे 87 टक्के घटक कचऱ्याला अडसराच्या दिशेने पुढे नेतो आणि निम्माच त्याला अडसरावर दाबतो. म्हणजे गोळा करण्याचे निम्मे कष्ट पाणी स्वतः करते.

दोरी ताणून सरळ बांधण्याचा मोह मात्र टाळावा. 200 मीटर अंतरावर दर मीटरला 500 न्यूटन रेटा येत असेल आणि दोरीला मधोमध 20 मीटर झोळ दिला असेल, तर टोकांवर येणारा क्षितिजसमांतर ताण साधारण साडेबारा टन भरतो. झोळ 10 मीटरच ठेवला तर तो पंचवीस टन होतो. शिवाय जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर चढते-उतरते, म्हणून काठावर दोरी जिथे बांधतात तो जोड खांबावर वर-खाली सरकणारा असावा लागतो. नाहीतर पाणी उतरल्यावर अडसर टांगला जातो किंवा चढल्यावर बुडतो. पाणी पिऊन जड झालेले, पृष्ठभागाखालून येणारे लाकूड आणि खोलीभर पसरलेली पाने कोणताही अडसर पूर्ण थांबवू शकत नाही. त्यांच्यासाठी जाळी आणि दाताळे लागणारच.

सांडव्याचा विचार याच आराखड्यात व्हायला हवा. स्वित्झर्लंडमधील पालान्येद्रा धरणावर 1978 च्या ऑगस्टमधील पुरात वाहून आलेल्या लाकडाने सांडव्याचे गाळे बुजले आणि पाणी धरणावरून वाहिले; पुढे सांडव्यावरचा पूल काढून मार्ग मोकळा करण्यात आला. टर्बाइनच्या मुखापासून वळवलेला कचरा सांडव्याच्या अरुंद गाळ्यांत जाणार असेल, तर आपण नुकसान टाळून धोका पत्करलेला असतो.

कचरा किती येऊ शकतो याचा अंदाज चीनमधील थ्री गॉर्जेस धरणावरून येतो. 2010 च्या पावसाळ्यात तिथे सुमारे 60 सेंटिमीटर जाडीचा थर 50,000 चौरस मीटरहून अधिक पाण्यावर पसरल्याच्या बातम्या होत्या. बोस्नियात व्हिशेग्राद धरणाच्या वरच्या अंगाला द्रिना नदीवरच्या अडसरापाशी तीन देशांतले प्लॅस्टिक येऊन साचते. अशा ठिकाणी अडवण्याइतकेच, अडवलेले न्यायचे कुठे हेही ठरवावे लागते. लाकूड हा नदीचा स्वतःचा भाग आहे; खालच्या पात्रात मासे आणि कीटक यांना त्याचा आसरा मिळतो, म्हणून सुरक्षित असेल तिथे ते खाली सोडणे योग्य, प्लॅस्टिक मात्र काठावर काढलेच पाहिजे. त्यासाठी होडीचा धक्का, क्रेन उभी राहील असा रस्ता आणि दोन्ही वेगळे करण्याची उंचावरची जागा अडसराच्या मूळ नकाशातच हवी. ही जागा नंतर शोधू म्हटले, तर गोळा केलेला ढीग काठाशी सडत राहतो आणि पुढच्या पुरात पाणी चढले की पुन्हा तरंगून अडसराकडे येतो.