अस्वल कधी गुरगुरते आणि कधी नाही
(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘प्राण्यांचे आवाज कसे तयार होतात’. त्याकडे येणारच आहे. पण समोर जांबोटी, कणकुंबी, नागरगाळीकडची माणसे बसलीत, भीमगडचे रान ज्यांच्या दाराशी आहे. तेव्हा आधी अस्वल.

टीव्हीवर अस्वल दिसले की ते दोन पायांवर उभे राहते, जबडा वासते आणि डरकाळी फोडते. याबद्दल माझी मनापासून तक्रार आहे. पोरांना वाटते, अस्वल जवळ असेल तर आधी ओरडेल. अहो, ते उभे राहते ते बहुतेकदा वास घ्यायला आणि नीट बघायला. त्याची नजर बेताचीच. सगळा भरवसा नाकावर.

आपले अस्वल वाळवीवर आणि मुंग्यांवर जगते. करवंदे, जांभळे, फणस हंगामापुरते. वाळवी खाण्यासाठी त्याचे तोंडच वेगळे घडलेय. वरचे मधले दोन दात नसतात, तिथे फट. टाळू खोलगट, ओठ लांब, नाकपुड्या मिटता येतात, म्हणजे माती आत जात नाही. बोटभर नखांनी वारूळ फोडायचे, जोरात फुंकून धूळ उडवायची, मग ओठांची नळी करून वाळवी ओढायची. फुंक, ओढ, फुंक, ओढ. लोहाराचा भाता चालावा तसा हा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो.

घात होतो तो इथेच. तोंड वारुळात आणि कानात स्वतःचाच गोंगाट, त्यामुळे तुमची पावले त्याला कळत नाहीत. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे असेल तर वासही जात नाही. शेजारी ओढा खळखळत असेल तर तुम्हालाही काही ऐकू येत नाही. मग दहा पावलांवर दोघे एकदम समोरासमोर! फुसफुसणे, दात वाजवणे, गुरगुरणे हे सगळे अंतर असेल तेव्हाचे इशारे. अंतरच उरले नाही की ते ओरडते आणि अंगावर येते, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून सरपणाला किंवा काजूच्या बागेत जाताना गप्प जाऊ नका. दोघे-तिघे मिळून, मोठ्याने बोलत जा. भात्यासारखा आवाज आला तर थांबा, तोंड तिकडेच ठेवून मागे सरका. पळू नका, ते माणसापेक्षा वेगात धावते. झाडावर चढू नका, तेही चढते. कुत्रा मोकळा सोडू नका. तो अस्वलाला डिवचतो आणि मग आसऱ्याला तुमच्याकडेच धावत येतो, मागे अस्वल. आणि पिल्ले दिसली तर आई कुठे आहे ते शोधत बसू नका, आलात तसे परत फिरा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटे उरलीत. मूळ विषय आता पळवावा लागणार.

आवाज किती खालचा वाटतो हे दोन गोष्टींवर ठरते. स्वरतंतू लांब आणि जाड असतील तर ते सावकाश कंप पावतात. आणि घशापासून ओठांपर्यंतची नळी लांब असेल तर तिचा अनुनाद, म्हणजे तिच्यात घुमणारा सूर, खाली उतरतो. माणसाची नळी साधारण १७ सेंटिमीटर, तिचा पहिला अनुनाद ५०० हर्ट्झच्या आसपास. नळी दुप्पट केली की तो २५०वर येतो. म्हणजे खर्ज ऐकू आला की ऐकणारा मोठे अंग गृहीत धरतो. यूजीन मॉर्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ साली पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या आवाजांवरून हेच मांडले: चिडलेला प्राणी खालच्या पट्टीत, खरखरीत बोलतो, घाबरलेला किंवा शरण आलेला उंच आणि स्वच्छ. दारातला कुत्रा गुरगुरतो कधी आणि केकाटतो कधी, एवढे आठवा.

गुरगुर म्हणजे ‘मी मोठा आहे, मागे हो’. लढाई टाळण्याचा तो स्वस्त मार्ग आहे, कारण जखम जिंकणाऱ्यालाही परवडत नाही. म्हणून अस्वल गुरगुरले तर ती तुम्हाला मिळालेली सवड आहे, तेवढ्यात मागे सरका. पिल्लू दूध पिताना एकसुरी गुणगुणते, तो मात्र समाधानाचा आवाज.

भेकराचे भुंकणे, सांबराची हाक आणि बारापेडे गुहेतली वटवाघळे राहून गेली. प्रश्न विचारा, त्यातून त्यांच्याबद्दल बोलू.