खोलीचं तापमान म्हणजे कोणाच्या खोलीचं?

पत्रिकेवर विषय छापलाय, 'काढून ठेवलेलं आईचं दूध कोमट कसं करावं'. त्यावर मी येणारच आहे. पण दूध कोमट करायच्या आधी ते सकाळपासून कुठे होतं हे पाहावं लागतं, आणि मला मनापासून जे सांगायचंय ते तिथलं आहे. समोर आज्या आहेत, कामावर जाणाऱ्या आया आहेत, मागच्या रांगेत चार-पाच बाबाही दिसतात. बाबांनो, पुढे येऊन बसा जी. आई ड्युटीवर असताना दुपारचं दूध तुम्हाला नाहीतर आजीलाच पाजायचं असतं.

तुमच्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये एक तक्ता असेल. खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये ६ महिने. आकडे खरे आहेत. पण मूळ तक्त्यात प्रत्येक आकड्याला एक अट जोडलेली असते. खोली २५ अंशांची किंवा त्याहून थंड. फ्रीज ४ अंशांचा. फ्रीजर उणे १८ अंशांचा. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाता जाता हे अंश गळून पडतात आणि तास तेवढे उरतात. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

आता सांगा, नागपुरात २५ अंशांची खोली कधी असते? डिसेंबर, जानेवारी. बरोबर. आणि मे अखेरच्या नवतप्यात, त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत? २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. दरवर्षी तेवढा जात नाही, पण ४४-४५ चं कोणाला नवल वाटत नाही. स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. त्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या दुधाला '४ तास' कुठून लावायचे?

हे मी मनानं सांगत नाही. १९९६ साली याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आईचं दूध वेगवेगळ्या तापमानांना ठेवून त्यात जंतू किती वाढतात, स्निग्धांश किती फुटतो, हे मोजलं. १५ अंशांवर ते २४ तास टिकलं. २५ अंशांवर ४ तास. आणि ३८ अंशांवर साठवूच नये, असा निष्कर्ष निघाला. आईच्या दुधात जिवंत पेशी असतात, जंतूंना अडवणारी प्रथिनं असतात, म्हणून ते गाईच्या दुधासारखं पटकन नासत नाही. पण उकाडा वाढला की जंतूंची वाढ या राखणदारांच्या पुढे निघून जाते. शिवाय त्याच दुधातलं लायपेज नावाचं विकर स्निग्धांश भराभर फोडतं. दूध दिसायला चांगलंच दिसतं, म्हणून फसायला होतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. चार तास मोजण्याआधी भिंतीवर पाहा. साधा थर्मामीटर दूध ठेवायच्या जागेजवळ टांगा. २५ किंवा खाली असेल तर ४ तास. त्याच्या वर असेल तर वाट पाहायची नाही, दूध काढल्याबरोबर फ्रीजमध्ये. पारा तिशीच्या वर असेल आणि फ्रीज जवळ नसेल, तर माझा सल्ला असा की ते दूध तासाभरात पाजून टाका, ठेवायचा विचारच नको. कूलर चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कूलर हवा थोडी गार करतो, पण त्याच्या झोतात अंगाला जास्त गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून, बंद बाटलीला घाम येत नाही.

कूलरवरून आठवलं. त्या तक्त्यात आणखी एक ओळ असते, 'कूलरमध्ये २४ तास'. (हशा) हसताय, कारण नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच डोळ्यांसमोर येतो. त्या तक्त्यात कूलर म्हणजे बर्फाच्या पिशव्या घातलेली जाड अस्तराची बंद पेटी किंवा बॅग. मिहान, बुटीबोरीसारख्या शहराबाहेरच्या कामाच्या ठिकाणाहून संध्याकाळी दूध घरी आणायचं तर हीच बॅग लागते. जेलचे पॅक रात्रभर फ्रीजरमध्ये दगडासारखे गोठवायचे. बाटल्या त्यांना चिकटून बसल्या पाहिजेत, मध्ये डबा-रुमाल नको. बॅग सारखी उघडायची नाही. आणि ती स्कूटरच्या डिक्कीत अजिबात ठेवायची नाही. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिक्कीत हात घालून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. ऑफिसात बॅग टेबलाखाली, घरी पोचल्याबरोबर बाटल्या फ्रीजमध्ये.

आता फ्रीज. उन्हाळ्यात घरातला सगळ्यात दमलेला प्राणी. पाण्याच्या बाटलीसाठी दिवसातून चाळीसदा दार उघडतं, आणि दाराच्या कप्प्यातलं तापमान प्रत्येक वेळी वर जातं. पाण्याला माठ ठेवा. दूध मधल्या कप्प्यात, पार मागे, दारात कधीच नाही. थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून तो ग्लास रात्रभर आत ठेवा, सकाळी ४ किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. नाहीतर बटण फिरवा, आणि तरी उतरत नसेल तर दाराचं रबर तपासा.

एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा हा फ्रीजर नव्हे, हेही लक्षात असू द्या. तो उणे १८ गाठत नाही. तिथल्या दुधाला ६ महिने लावू नका, दोन आठवड्यांत संपवा. स्वतंत्र दाराचा फ्रीजर असेल तर ६ महिने उत्तम.

लाइट गेली तर? दार उघडायचं नाही, ही पहिली गोष्ट. बंद फ्रीज साधारण ४ तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. गावाला जाऊन आल्यावर मागे काय झालं हे कळायला एक युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर बर्फ वितळला नाही. नाणं तळाशी जाऊन पुन्हा गोठलेलं दिसलं, तर मध्ये सगळं वितळलं होतं, ते दूध टाका. जीव तुटतो, एकेक थेंब कसा काढलेला असतो ते मला माहीत आहे. तरी टाका.

भरताना एका पिशवीत ६० मिली, फार तर १२०. गोठताना दूध फुगतं म्हणून वर बोटभर जागा सोडा. तारीख आणि वेळ लिहा, जुनं आधी वापरा. ताजं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतायचं असेल तर आधी फ्रीजमध्ये गार करा, मगच एकत्र. आई घराबाहेर असेल तर ताशी साधारण ३० मिली धरा, म्हणजे आठ तासांना २४० च्या आसपास.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. छापलेला विषय आता.

गोठलेलं दूध आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट करायला गंजात, म्हणजे पातेल्यात, हाताला सोसवेल एवढं गरम पाणी, साधारण ४० अंश, घ्या. बाटली झाकण वर राहील अशी उभी करा, पाच-दहा मिनिटं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच एवढं तापलेलं असतं, पण आधी मनगटावर पाहून घ्या. बाटली गोल फिरवा, म्हणजे वर आलेली साय परत मिसळते. थेंब मनगटावर टाका, गरमही लागू नये आणि गारही.

गॅसवर ठेवू नका. आज्यांनो, तुमच्याशी बोलते आहे. दूध आलं की तापवायचं हा आपला हात शिकलेला आहे, आणि गाई-म्हशीच्या दुधाला ते योग्यच आहे. आईच्या दुधाला उकळी आली की ज्यासाठी ते काढलं ती संरक्षक प्रथिनं आणि विकरं संपतात. मायक्रोवेव्ह तर नकोच, वरून कोमट लागतं आणि मध्येच एखादा घोट तोंड भाजणारा असतो. फ्रीजमधलं गारच दिलं तरी चालतं, त्याने सर्दी होत नाही, फक्त काही बाळं तोंड फिरवतात.

साबणासारखा वास आला तर ते लायपेजचं काम, दूध खराब नाही. बाळ पीत नसेल तर पुढच्या वेळी गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा. थोडे गुण जातात, म्हणून गरज असेल तरच.

बाळानं तोंड लावलेलं उरलं तर २ तासांत संपवा, उन्हाळ्यात उरूच देऊ नका. ६० मिलीच्या पिशव्या सांगितल्या त्या यासाठीच.

पाजायला वाटी-चमचा. चांदीचं बोंडलं असेल तर सुरेख, पण त्याची चोच आतून ब्रशनं घासून, ५ मिनिटं उकळून घ्या, तिथेच दूध अडकतं. पदराने पुसू नका, जाळीवर आपोआप वाळू द्या. पंपाचे भाग आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग साबण, आणि त्यांचं टोपलं वेगळं ठेवा, खरकट्याच्या सिंकमध्ये टाकू नका.

कमी दिवसांचं किंवा दवाखान्यात काचेच्या पेटीत असलेलं बाळ असेल तर हे आकडे धरू नका, तिथल्या सिस्टर सांगतील तेवढेच तास. आणि कामावर दूध काढायला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी एकच, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुटी कायद्यात लिहिलेली आहे, जेवणाच्या सुटीशिवाय वेगळी. आधी ती १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, कलम ११; नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, कलम ६६. लिहून घ्या.