पावती फाडली, पुढे काय?

(जिल्ह्यातील डॉक्टर संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, सदस्य वाढवायचे म्हटले की आपल्या कार्यकारिणीत पहिला विषय निघतो वर्गणीचा. सवलत द्यायची का, हप्ते पाडून द्यायचे का? मला वाटते, डॉक्टर वर्गणीकडे बघून येत नाही आणि वर्गणीपायी जातही नाही. त्याला एकटेपणा संघटनेत आणतो. इथे आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही हे कळले, की तो मनाने बाहेर पडतो.

1832 साली इंग्लंडमधल्या वुस्टरला चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी सुमारे 50 डॉक्टर जमवले. लंडनपासून लांब, आपापल्या गावी प्रॅक्टिस करणारी ही मंडळी. अवघड केसबद्दल बोलायचे तर कुणाशी, हीच त्यांची अडचण होती. त्या बैठकीतून पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन उभी राहिली. आपली इंडियन मेडिकल असोसिएशन 1928 मध्ये कोलकात्यात स्थापन झाली.

चार्टर्ड अकाउंटंटांचे वेगळे आहे. त्यांची संस्था 1949 च्या कायद्याने झाली आणि तिचे सदस्य असल्याशिवाय सीए म्हणून प्रॅक्टिस करताच येत नाही. आपली डॉक्टर म्हणून नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते, संघटना मात्र ऐच्छिक. आपल्याकडे आलेला प्रत्येक जण स्वतःहून आलेला असतो, आणि जायलाही मोकळा असतो.

सक्तीच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आपल्या हाती आहे, क्रेडिट पॉइंट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, त्याला 30 पॉइंट लागतात. हे पॉइंट सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या व्याख्यानांना, हजर राहून मिळतात. म्हणून रविवारच्या सीएमईला गर्दी होते. पण जरा नोंदणीच्या टेबलापाशी उभे राहून बघा. सही झाली, फाइल आणि पेन घेतले, चहा झाला. जेवणानंतरच्या वक्त्यासमोर पहिल्या दोन रांगा उरतात, त्यातही निम्मे पदाधिकारी. पॉइंटसाठी आलेला माणूस पॉइंट मिळेपर्यंतच आपला असतो.

आता थोडे कटू बोलतो. आजीव सदस्यत्वाने आपले नुकसान केले आहे. एकरकमी पैसे येतात, त्यातून सभागृह बांधता येते, हे खरे. पण त्या दिवसापासून सचिवाला त्या डॉक्टरकडे जायचे कारणच राहत नाही. वार्षिक वर्गणी असली की फोन करावा लागतो, आणि फोन केला की ऐकून घ्यावे लागते. ‘तुमची मीटिंग नेमकी माझ्या ओपीडीच्या वेळेत असते,’ असे एखादी बालरोगतज्ज्ञ सांगते, तेव्हा वेळ बदलता तरी येते. आजीव सदस्य काही न बोलता यायचा थांबतो. यादीत त्याचे नाव तसेच राहते आणि आपण संख्या वाढली म्हणून अहवाल छापतो.

नवीन हॉस्पिटल काढलेल्या तरुण डॉक्टरचा विचार करा. अंगावर बँकेचे कर्ज आहे. रात्री दोनला पेशंट दगावतो, नातेवाइकांचा जमाव आत शिरतो. अशा हल्ल्याविरुद्ध 2010 चा राज्याचा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण त्या घटकेला त्याला कलम नको असते. शाखेच्या सचिवाने फोन उचलायला हवा, चार सहकाऱ्यांनी गाड्या काढून यायला हवे, आणि त्यातल्या एका ज्येष्ठाने पोलीस निरीक्षकाशी बोलायला हवे. हे एकदा घडले की त्या डॉक्टरला पावती घ्या म्हणून सांगावे लागत नाही.

मात्र तोही टिकेल असे गृहीत धरू नका. मदत घेतलेल्या माणसाला मदत करायची संधी दिली, तरच तो टिकतो. पुढच्या महिन्यात रात्रीच्या फोनची पाळी त्याच्याकडे द्या. शाळेतल्या तपासणी शिबिराची जबाबदारी त्याच्यावर टाका आणि मध्ये लुडबूड करू नका. आपल्याकडे तीच आठ माणसे आलटून पालटून अध्यक्ष, सचिव, खजिनदार होतात, आणि तरुण पुढे येत नाहीत अशी तक्रारही तीच करतात.

परत गेल्यावर गेल्या तीन वर्षांत सदस्य झालेल्यांची यादी काढा. प्रत्येकाला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. वर्गणीचा विषय काढू नका, एक ठरावीक काम सांगा आणि त्याची तारीखही सांगा.